तेरा माणसं, घरातलीच शाळा आणि एक एचपीची घरघंटी

घरघंटीची, म्हणजे घरी दळायच्या विजेच्या छोट्या चक्कीची, जाहिरात चार माणसांचं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. खरं तर चार माणसांच्या घरी तिचं फारसं काम नाही. दहा किलो दळण पिशवीत घालून गावातल्या चक्कीवर नेलं की आठवडा निघतो. तिचा कस लागतो तो सहा मोठे आणि सात मुलं अशा घरात. त्यातही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, महिन्याच्या दोन एकादश्या, आणि मधल्या वेळेत पाढे, शुद्धलेखन, गीताई. अमरावती-यवतमाळकडच्या गावात अशा घरासाठी एक एचपीची, लाकडी कपाटासारखी दिसणारी घरघंटी घ्यावी का, एवढ्याच प्रश्नाचं हे परीक्षण आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण बाजारातल्या बहुतेक यंत्रांच्या आतला गाभा सारखाच असतो.

आधी हिशेब. मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम आणि मुलाला सरासरी 250 ग्रॅम पीठ धरलं, तर तेरा माणसांना रोज सव्वाचार किलोच्या आसपास लागतं. महिन्याला सव्वाशे किलो. शाळेत जाणाऱ्या पोराचं दुपारचं पोट पोषण आहारावर भरतं. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य हे त्याचं सरकारी माप. घरी शिकणाऱ्या मुलांचं ते सगळं आपल्याच चुलीवर येतं. शिवाय पोर दिवसभर डोळ्यांसमोर असलं की अकरालाही त्याला भाकरी-चटणी आठवते, हा भाग हिशेबात धरलेलाच नाही.

गावातली चक्की किलोला 5 रुपये घेत असेल तर महिन्याला सव्वासहाशे रुपये होतात. घरघंटी तासाला सात-आठ किलो गहू दळते, म्हणजे महिन्याला सतरा-अठरा तास चालणार. ताशी 0.9 ते 1 युनिट धरलं तर सतरा युनिट. यातली मेख अशी की तेरा माणसांच्या घराचं बिल आधीच 100 युनिटच्या काठावर असतं आणि त्यापुढच्या युनिटचा दर एकदम चढतो. ते धरून महिन्याला साडेचारशेच्या आसपास वाचतात. यंत्र 20 हजारांचं असेल तर पैसे फिटायला साडेतीन ते चार वर्षं लागतात. दुकानदार ‘वर्षभरात वसूल’ म्हणतो ते या घरातही खरं ठरत नाही. मग घ्यायची कशाला? ताज्या ज्वारीच्या पिठासाठी, उपवासाच्या पिठासाठी आणि चक्कीवरच्या खेपा वाचवण्यासाठी.

ज्वारीचं पहिलं. गव्हाची कणीक बरेच दिवस चालते. ज्वारीचं पीठ मात्र थोड्याच दिवसांत विरी जायला लागतं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो. मग कितीही आधण घाला, भाकरी थापताना कडा फाटतात. चक्कीवरून पंधरवड्याचं दळण एकदम आणणाऱ्या घरात दुसऱ्या आठवड्यात ज्वारीची भाकरी बंद होऊन पोळ्या सुरू होतात, त्याचं कारण हेच. घरघंटी असली की आठवड्यातून दोनदा पाच-पाच किलो ज्वारी दळता येते. मात्र घरघंटीत दगड नसतात. आतली पाती धान्य आपटून फोडतात आणि गोल जाळीतून पीठ खाली पडतं. त्यामुळे पीठ दगडी चक्कीच्या पिठापेक्षा किंचित रवाळ लागतं. पोळीला ते जाणवत नाही, भाकरीला जाणवतं. ज्वारीला गव्हाच्या जाळीपेक्षा एक पायरी बारीक जाळी लावावी आणि पीठ जास्त वेळ मळावं. जात्याच्या पिठाची भाकरी खाल्लेल्या आजीला फरक कळणारच. तिला पटवायच्या भानगडीत पडू नये.

जाळ्यांचे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून घेताना आकडा विचारू नका, जाळी हातात घेऊन भोकं पाहा. चार जाळ्या पुरतात: बेसनाला सर्वांत बारीक, पोळी-भाकरीला मधल्या दोन आणि रोडग्यांच्या जाड कणकेसाठी व दलियासाठी भरड. वऱ्हाडात या भरड जाळीचं काम बरंच पडतं. रोडग्याची कणीक बारीक दळली तर गोवरीच्या आरावर रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. काही दुकानदार ही जाळी वेगळी विकतात. ती संचातच मागून घ्यावी.

काय घालू नये, यावर माहितीपुस्तिका एक ओळ खर्चते. खरी बिघाडाची कारणं तिथेच आहेत. ओलसर धान्य हे पहिलं. पावसाळ्यात कणगीतला गहू दाताखाली ‘कट्ट’ वाजला नाही, नुसता दबला, तर तो दळायचा नाही. दोन उन्हं द्यायची. ओलं पीठ जाळीच्या भोकांत बसतं, पीठ खाली पडत नाही, पाती तेच तेच कुटत राहतात, मोटर तापते आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. ते बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलं की वायंडिंग जळतं. तेलकट धान्यानेही हेच होतं: तीळ, जवस, शेंगदाणे. विदर्भात सोयाबीन घरचंच असतं म्हणून मोह होतो, पण नुसतं सोयाबीन कधीच घालू नये. भाजून, गार करून, दहा किलो गव्हात एक किलो मिसळलं तर चालतं. भाजायचं ते फक्त यंत्रासाठी नाही. कच्चं सोयाबीन पचत नाही. मिरची-हळद घातली तर वास आठवडाभर जात नाही. आणि कुरडयांच्या चिकासाठी भिजवलेले गहू यात दळता येतील असं कोणाला वाटत असेल, तर तो विचार तिथेच सोडावा.

दुसरं कारण खडा. खळ्यावरची ज्वारी आणि रेशनचा गहू यांत खडे हमखास. लोखंडाचा तुकडा तोंडाशी बसवलेलं चुंबक धरतं, खडा धरत नाही. तो जाळीला भोक पाडतो आणि मग पिठात अख्खे दाणे दिसायला लागतात. कणकेत अर्धवट फुटलेला गहू दिसला की यंत्र थांबवून जाळी उजेडाकडे धरून पाहावी. निवडण्याचं काम घरातल्या शाळेत सहज बसतं. सुपात किलो-किलो गहू घेऊन आठ-दहा वर्षांची मुलं पाढे किंवा गीताईचा अध्याय म्हणत निवडतात; हात गुंतलेले असले की पाठांतर लवकर होतं. मात्र पाखडणं मोठ्यांनीच करावं, नाहीतर अर्धा गहू अंगणात जातो.

व्होल्टेज हा खेड्यातला खरा शत्रू. रब्बीत पंप सुरू झाले की ज्या गावात गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) पंपांपासून वेगळा नाही तिथे संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो. 180 व्होल्टच्या खाली घंटी सुरू करूच नये. मोटर जोर लावायला जास्त करंट ओढते आणि कपॅसिटर जातो. फ्रिजचा स्टॅबिलायझर यावर चालत नाही, कारण सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. निदान तीन-चार केव्हीएचा लागतो. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तर चालतच नाही. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, प्लग 16 अँपिअरचा आणि अर्थिंग खरं असलं पाहिजे. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात नुसतीच तार खोचलेली असते. मुलं सतत आजूबाजूला असलेल्या घरात यंत्र येण्याआधी वायरमन येऊन गेलेला बरा. दोन एचपीची जोमदार म्हणून घेऊ नये. सिंगल फेजवर ती सुरू होतानाच घरातले दिवे मान टाकतात.

वेळ कोणती, हा घरच्या शाळेचा मोठा प्रश्न. आवाज मिक्सरइतका कर्कश नसतो, पण तास-दीड तास एकसुरी चालतो आणि शेजारच्या खोलीत श्रुतलेखन अशक्य होतं. आठ ते अकरा अभ्यास असेल तर दळणाची पाळी दुपारी दोननंतर, लहान मुलं झोपली की. एका पाळीत पंधरा किलोच्या आत, आणि तासाभराने पंधरा-वीस मिनिटं विश्रांती. उन्हाळ्यात हे सगळं मोडतं: मे महिन्यात दुपारी 45 अंशांत मोटर अर्ध्या तासात तापून बंद पडते. तेव्हा पहाटेचं ध्यान आटोपलं की लगेच दळून घ्यावं. यंत्र ओसरीत ठेवावं. देवघराच्या भिंतीला लागून ठेवलं तर समईवरही पिठाची पूड बसते आणि वह्यांवरही. दम्याचं मूल घरात असेल तर पिठाचा डबा काढताना ते जवळ नको.

अभ्यासाला या यंत्राचा उपयोग कोणी सांगत नाही, पण तो आहे. पाचवी-सहावीच्या मुलाला 10 किलो गहू मोजून घालायला लावा आणि पीठ परत मोजायला सांगा. शंभर-दोनशे ग्रॅम कमी भरतात. शेकडेवारी तिथेच शिकवून होते. आठवीच्या मुलासाठी मीटर. बऱ्याच मीटरवर युनिटला 3200 पल्स असं लिहिलेलं असतं. पंखे, फ्रिज बंद करून घंटी चालू करायची आणि लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. 50 आले तर तासाला 0.94 युनिट. याच मोजणीतून बिघाडही कळतो: तेच धान्य, तीच जाळी आणि आकडा 60 च्या पुढे गेला, तर जाळी चोंदली आहे किंवा धान्याची झडप जास्त उघडी आहे. मोटर तापायच्या आधी हे समजतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या क पातळीची, म्हणजे आठवीच्या तोडीची तयारी करणाऱ्या मुलाला विजेचं प्रकरण याहून चांगलं समजावता येणार नाही.

आता उपवास. एकादशीला भगर, राजगिरा, शिंगाडा यांचं पीठ लागतं आणि तेरा जणांत उपवास धरणारे सात-आठ असतातच. बाहेरच्या चक्कीवर हे पीठ गव्हाच्या पाठोपाठ निघतं, हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी बोलत नाही. घरघंटीतही कोपऱ्यांत पन्नास-शंभर ग्रॅम गहू अडकून राहतो. जाळी व कापडी पिशवी काढून, ब्रशने आतली पोकळी साफ करून पाव किलो भगर आधी दळावी आणि ते पीठ गाईला घालावं, मग उपवासाचं. उपवासाची पिशवी आणि जाळी वेगळी ठेवली तर काम निम्मं होतं. ज्या घरात सोवळं कडक आहे तिथे मात्र एवढ्यानेही समाधान होत नाही. त्यांनी उपवासापुरतं जातंच ठेवावं. दोन एकादश्यांना दीड-दोन किलो पीठ, तेवढं हाताने दळून होतं.

सफाईचा कंटाळा केला की यंत्र बदला घेतं. दळण झाल्यावर पाती थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबून, प्लग काढून, जाळी-पिशवी झटकायला दहा मिनिटं लागतात. पावसाळ्यात ही दहा मिनिटं वाचवली तर थोड्याच दिवसांत आतल्या पिठाला जाळं धरतं आणि अळ्या पडतात. पिशवी महिन्यातून एकदा धुवावी, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये. तिचं कापड दाटलं की आतली हवा बाहेर पडत नाही आणि दाराच्या फटीतून पीठ उडतं. लोक तेव्हा दाराचं रबर बदलत बसतात.

कपाट बहुतेक भुशाच्या फळीचं असतं. शेणाने सारवलेल्या किंवा रोज पुसल्या जाणाऱ्या जमिनीवर ठेवलं तर खालची कड सहा महिन्यांत फुगते. चाकांवर विसंबू नका. खाली चार इंचांची लोखंडी घोडी करून घ्यावी. तीच वाळवीलाही अडवते. वायर आत जाते त्या भोकातून उंदीर शिरतो, ते भोक पत्र्याने बुजवावं. स्टीलच्या अंगाचं यंत्र दोन-चार हजारांनी महाग मिळतं. कुडाच्या किंवा मातीच्या घरात ते पैसे वाया जात नाहीत.

दारात बटण असतं, दार उघडलं की मोटर बंद पडते. ते बटण बिघडलं म्हणून कोणी तार जोडून ‘डायरेक्ट’ करून देत असेल तर त्याला करू देऊ नये. धान्य अडकलं तर उलथन्याचा दांडा आत घालायचा नाही, यंत्र बंद करून झडप उघडायची. दहा वर्षांखालच्या मुलाने टोपलं उचलून धान्य ओतायचं नाही. बांगडी, नाणं, गोटी असं काहीही त्यातून पडतं.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, भातावर चालणाऱ्या घराने हे यंत्र घेऊ नये; महिन्याला तीस किलोही पीठ लागत नसेल तर ते कोपऱ्यात पडून उंदराचं घर होईल. ज्याला वर्षाचं डाळीचं कामही काढायचं आहे त्यानेही याकडून आशा धरू नये. तूर भरडून डाळ करणं हे या जाळी-पात्यांचं काम नाही, त्यासाठी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल ज्या गावात असेल तिथेच पोती न्यावीत.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा: तालुक्याला मिस्त्री आहे की अमरावती-नागपूरहून येणार, जाळी सुटी मिळते का, आणि व्होल्टेजने मोटर जळाली तर वॉरंटी लागू होते का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. मग स्टॅबिलायझरचे पैसे त्याच दिवशी किमतीत धरा. कपॅसिटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा मोटरशेजारी खडूने लिहून ठेवा. तेवढ्याच आकड्याचा कपॅसिटर पंप दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतो आणि मिस्त्रीची आठ दिवस वाट पाहावी लागत नाही.