काल्पनिक मंत्रपोथीतल्या मुद्रा: जुन्या हस्तलिखितांतून उचलाव्यात की स्वतः घडवाव्यात?

कादंबरीसाठी किंवा एखाद्या खेळासाठी काल्पनिक ग्रिम्वार, म्हणजे जादूची मंत्रपोथी, चितारायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या पानावरच हात अडतो. वर्तुळ काढून झालं, पण आत काय काढायचं? खऱ्या जुन्या पोथ्यांतल्या मुद्रा, म्हणजे आत्म्यांची रेषांनी काढलेली चिन्हं (सिजिल), आयत्या समोर आहेत. आणि पोथीच जर मनानं रचलेली, तर चिन्हंही मनानंच रचावीत असंही वाटतं. मी दोन्ही करून पाहिलंय, एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांसाठी. पहिल्यात मुद्रा उचलल्या, दुसऱ्यात घडवल्या.

उचलण्याची बाजू कमकुवत मुळीच नाही, हे आधी सांगून टाकतो. ‘लेसर की ऑफ सॉलोमन’ या सतराव्या शतकातल्या संकलनाचा पहिला भाग, म्हणजे आर्स गोएशिया, 72 आत्म्यांची यादी देतो आणि प्रत्येकाची मुद्राही देतो. सगळ्या एकाच घराण्यातल्या वाटतात, तरी एक दुसरीसारखी नाही. हे एकट्या माणसाला जमणं अवघड आहे. नुसत्या मनानं काढत गेलो तर माझा हात विसाव्या आकृतीपाशी तीच तीच वळणं घ्यायला लागतो. त्या जुन्या रेषांमध्ये तर एकावरून दुसरी प्रत करणाऱ्या कितीतरी हातांची डगमग मुरलेली आहे.

शिवाय त्या आकृत्यांमागे वय आहे. रेषेच्या टोकाला छोटा पोकळ गोल काढला की कुठलंही चिन्ह जादूचं दिसायला लागतं, हे प्रत्येक चित्रकाराच्या लक्षात येतं. तो गोल कुणा आधुनिक माणसाची युक्ती नाही. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत इजिप्तमध्ये लिहिल्या गेलेल्या ग्रीक जादूच्या पपायरसांत आणि त्या काळच्या ताइतांवर अशी गोल टोकांची अक्षरं सापडतात. डोळा त्याला इतका सरावला आहे की वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. भीती वारशानं मिळते, तुम्ही फक्त ती खर्च करायची.

हक्कांची फारशी अडचण नाही. फक्त आजच्या कुणी नव्यानं रेखाटलेली प्रत उचलू नका. मॅथर्स आणि क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्यांच्या 1904 च्या गोएशियाच्या छापील आवृत्तीपर्यंत किंवा त्याहून मागे जा.

पण ‘अस्सल’ या शब्दाला फार भुलू नये, असं मला हल्ली वाटतं. योहान वायर या वैद्यानं 1577 मध्ये आपल्या ग्रंथाला जोडलेल्या यादीत 69 पिशाच्चं आहेत, मुद्रा एकही नाही. त्यातल्या पहिल्याला, बाएलला, तीन डोकी असल्याचं वर्णन आहे: बेडकाचं, माणसाचं आणि मांजराचं. आज मात्र बाएल म्हटलं की कोळ्याच्या पायांवर चालणारी ती तीन डोकी आठवतात. ते पाय वायरच्या मजकुरात नाहीतच. ते दिसतात 1863 च्या ‘दिक्सिओनेर अँफेर्नाल’ या पिशाच्चांच्या फ्रेंच कोशातल्या चित्रात, आणि तो चित्रकार लुई ल ब्रतों मुळात जहाजं आणि समुद्र रंगवणारा. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोलाब’ जहाजावर तो वैद्यकीय कामासाठी होता. म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणून हात जोडतो, तीही कुणातरी कामाला लावलेल्या चित्रकाराची कल्पनाच.

पंचकोनी ताऱ्याचंही तसंच. एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्यानं 1850 च्या दशकात काढलेल्या त्या प्रसिद्ध बकऱ्याच्या, बाफोमेटच्या, कपाळावरचा तारा सरळ आहे, एक टोक वर. नकला करणारे तो सर्रास उलटा काढतात. मीही काढला होता.

आता ज्या कटकटीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. गोएशियाच्या मुद्रेला दोन वर्तुळं असतात आणि त्या दोन वर्तुळांच्या मधल्या पट्टीत त्या आत्म्याचं नावच लिहिलेलं असतं. छातीवर बिल्ला लावून हिंडणाऱ्या माणसासारखं. पहिल्या पुस्तकात मी ते नाव पुसून तिथं कथेतल्या भाषेतलं नाव लिहिलं. बुडालेलं जहाज शोधण्याचा मंत्र होता, रेषा आवडल्या म्हणून पाचव्या आत्म्याची, मार्बासची मुद्रा घेतली. वाटलं, नाव काढलं की चिन्ह आपलं झालं.

पुस्तक बाहेर पडल्यावर तीन वेगवेगळ्या वाचकांनी तेच लिहून पाठवलं: ही मार्बासची मुद्रा ना? आणि मार्बास तर रोग आणणारा आणि बरे करणारा, मग तो जहाज का शोधतोय? एकानं त्यावरून आख्खा तर्क बांधला होता की पुढच्या भागात नायिका आजारी पडणार. लेखकाच्या डोक्यात असलं काही नव्हतं. तो मला फोनवर म्हणाला, “मग पाडू का तिला आजारी?” थट्टेतच म्हणाला, पण अर्धीच थट्टा होती. यात चूक वाचकांची नाही, हे मला जास्त लागलं. पट्टीतून नाव पुसलं तरी आकृती आपल्या जुन्या नावालाच ओ देत होती. त्या पानावर वाचकानं थरारावं असं मला हवं होतं. तो ओळखपरेड घेत बसला.

दुसरी अडचण पहिलीतूनच आली. कथेत दार उघडण्याचा एक मंत्र होता आणि तेच दार बंद करण्याचा दुसरा. दोन्हींच्या चिन्हांत नातं दिसायला हवं होतं. उचललेल्या 72 मुद्रांमधून अशी जोडी मला लावता आली नाही. प्रत्येक मुद्रा स्वतःपुरती पूर्ण. तिला प्रत्यय लावता येत नाही, तिचा विरुद्धार्थी शब्द होत नाही. यादी आणि भाषा यांत असतो तो फरक.

म्हणून दुसऱ्या पुस्तकात घडवायला घेतलं. नुसत्या मनानं नाही, ते फसतं हे वर लिहिलंच आहे. ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या इंग्रज चित्रकाराची 1913 ची रीत, म्हणजे वाक्यातली अक्षरं एकमेकांत गुंफून चिन्ह करणं, आधी वापरून पाहिली. माझ्या हातात तरी त्याचं दर वेळी एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह झालं. शेवटी अग्रिप्पा या सोळाव्या शतकातल्या जर्मन गूढविद्येच्या लेखकाकडे गेलो. त्याच्या 1533 मध्ये पूर्ण छापल्या गेलेल्या ग्रंथात ग्रहांचे जादूचे चौरस आहेत, शनीच्या 3 बाय 3 पासून चंद्राच्या 9 बाय 9 पर्यंत. शनीचा चौरस असा: वरची ओळ 4, 9, 2, मधली 3, 5, 7, खालची 8, 1, 6. कुठूनही बेरीज करा, 15. शब्दातल्या अक्षरांना आकडे द्यायचे, मोठे असले तर शून्यं गाळून 1 ते 9 मध्ये आणायचे, आणि चौरसात एका घरातून दुसऱ्या घरात रेघ ओढत जायचं. सुरुवातीला छोटा गोल, शेवटाला आडवी रेघ.

कथेतल्या भाषेत ‘उघड’ या शब्दाचे माझ्या तक्त्याप्रमाणे 2, 7, 4, 1, 9 आले. उजव्या वरच्या कोपऱ्यातून एक घर खाली, तिथून तिरपं डाव्या वरच्या कोपऱ्यात, मग तिरपं खालच्या मधल्या घरात आणि तिथून सरळ वर. ‘बंद कर’ हा शब्द आम्ही अक्षरं उलटी करून केला. आकृती तीच, फक्त गोल आणि आडवी रेघ यांची अदलाबदल. जी जोडी 72 मुद्रांत सापडली नाही ती दहा मिनिटांत झाली. मृतांचे मंत्र शनीच्या चौरसात, स्वप्नांचे चंद्राच्या, असं ठरवल्यावर नव्या पानावर काय काढायचं हा प्रश्नच उरला नाही. चंद्राच्या चौरसातल्या रेघा इतक्या गुंततात की स्वप्नाला वेगळं काही करावंच लागलं नाही.

तोटे आहेतच. पहिलं चिन्ह काढण्याआधी लेखकाबरोबर अक्षरांचा तक्ता करण्यात माझे दोन आठवडे गेले. तयार आकृत्या फार स्वच्छ दिसतात, शाळेच्या भूमितीच्या वहीसारख्या. मी प्रत्येकीची हातानं नक्कल, त्या नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल करून चौथी प्रत पानावर घेतो, तेव्हा कुठे थोडी जुनी वाटते. आणि नियम लिहून ठेवला नाही तर चिन्ह तुमच्या हातून निसटतं. भयकथाकार लव्हक्राफ्टनं 1930 च्या एका पत्रात आपल्या कथांतल्या ‘एल्डर साइन’ या जादूच्या चिन्हाचं रेखाटन केलं होतं, झाडाच्या फांदीसारखं. नंतर त्याच्या कथा पुढे नेणाऱ्या ऑगस्ट डेर्लेथनं त्या चिन्हाचं वर्णन मध्ये डोळा असलेला तारा असं केलं, आणि आता बहुतेकांना तारा आठवतो.

तुमची कथा आपल्याच जगात घडत असेल, नायक सतराव्या शतकातलं हस्तलिखितच उघडत असेल, तर मात्र उचला. तिथं घडवलेलं चिन्ह पोरकं दिसेल. तेव्हा पट्टीतलं नावही तसंच ठेवा, आणि चित्र काढायच्या आधी त्या आत्म्याची नोंद लेखकाला वाचायला लावा. घाई असेल तरीही उचलणंच बरं. बाकी कुणी मला विचारलं तर मी आधी अक्षरांचा तक्ता करायला सांगतो, अर्थात हा माझ्या दोन पुस्तकांपुरता अनुभव.

दुसऱ्या पुस्तकावरही एका वाचकाचं पत्र आलं. पान 61 वर दार बंद होतंय, पण गोल उघडण्याच्या टोकाला आहे, असं का, असा प्रश्न होता. चूक माझीच होती. पुढच्या छपाईच्या आधी गोल दुसऱ्या टोकाला नेला.