गाइडचं किट, बॅज आणि बांबू: लेकीच्या पाच वर्षांचा हिशोब

लेक पाचवीत असताना शाळेतून चिठ्ठी आली, गाइडमध्ये, म्हणजे मुलींच्या स्काउटमध्ये, नाव घालायचंय का म्हणून. मला वाटलं झालं, आणखी एक खर्च. हो म्हटलं ते फक्त तिची मैत्रीण जातेय म्हणून. आता ती दहावीत आहे, राज्य पुरस्कार झालाय आणि सोसायटीच्या ग्रुपवर दर जूनला कुणीतरी विचारतंच की घालू का, काय मिळतं त्यात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी पायऱ्या, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. लहानांचं कब (मुलगे) आणि बुलबुल (मुली), दहा वर्षांचं झालं की स्काउट किंवा गाइड, कॉलेजात रोव्हर-रेंजर. गाइडमध्ये आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती. एकेका पायरीवर ठरावीक महिने काढावेच लागतात, त्यामुळे नववीत नाव घातलं आणि दहावीच्या आत राष्ट्रपती असलं काही होत नसतं. हे आधी कुणी सांगत नाही, मग नववीतले आईबाप धावपळ करतात.

किट. शाळेने सांगितलेल्या दुकानातून घेतलं, नाव नको. युनिफॉर्म ठीक, स्कार्फ ठीक, बेल्टचं बक्कल आठव्या दिवशी हातात. बदलून मागितलं तर मालक म्हणतो मुलगी ओढते जोरात. दोरी तर चकचकीत नायलॉनची दिली होती, तिच्यावर गाठ मारा, हात सोडा, गाठ गायब. तुम्ही घेताना सुती दोरी घ्या, आणि नवी लागतच नाही, जुनी असली तरी उत्तम. पुस्तक मिळतं त्यात माहिती भरपूर आहे पण गाठींच्या आकृत्या बघून ज्याला बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, जमली त्याला माझा नमस्कार. आम्ही यूट्यूब लावून, पलंगाच्या पायाला दोरी बांधून शिकलो, मीही शिकले.

पण खरं सगळं अडतं ते गाइड कॅप्टनवर, म्हणजे गाइड घेणाऱ्या बाईंवर. पहिल्या दोन वर्षांच्या बाई कमाल होत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना मैदानात थांबवायच्या, बिनभांड्याचा स्वयंपाक करायला लावायच्या, म्हणजे निखाऱ्यात बटाटे आणि कणीक काठीला गुंडाळून भाजायची. लेक घरी यायची ती धुराच्या वासाची आणि तोंड काळं करून, आणि ती कच्चीपक्की पोळी जगातली बेस्ट होती म्हणे. मग बाईंची बदली झाली आणि नवीन कॅप्टनच्या काळात लॉगबुक फळ्यावरून उतरवून घेणं सुरू झालं. पान भरलं की बॅज. सायकलिस्टचा बॅज मिळालेल्या एका मुलीला सायकल येत नव्हती, खोटं नाही सांगत.

तरी शिकलेलं जात नाही हो. मागच्या गणपतीत आमच्याकडे मखर करायचं होतं, ह्यांनी खिळे-हातोडी काढली तर ही म्हणाली थांबा बाबा. उभ्या बांबूला क्लोव्ह हिचची गाठ, मग आडव्यावरून तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन आवळ वेढे आणि शेवटची गाठ आडव्या बांबूला. असं दोरीने बांधणं म्हणजे लॅशिंग. चार कोपरे, चार लॅशिंग. मी मुद्दाम हलवून पाहिलं, जराही डगमगलं नाही. विसर्जनानंतर दोरी सोडली आणि बांबू जसेच्या तसे गॅलरीत.

आता फायद्याचं, कारण प्रश्न तोच असतो. दहावीला स्काउट-गाइडवाल्यांना सवलतीचे गुण असतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या आणि मागे लागा. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती निघते, पण तिथे राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज (तो शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा) लागतो, राज्य पुरस्कारावर भागत नाही. आणि ऑनलाइन नोंदणी होते ना, तेव्हा स्वतः शेजारी बसून जन्मतारीख बघा. आमच्या शाळेत टाइप करताना महिना चुकला, ते कळलं राज्य पुरस्काराच्या फॉर्मच्या वेळी. बोनाफाइड आण, अर्ज दे, सही नाही, पुन्हा ये. चार खेपा झाल्या आणि माझ्या दोन सुट्ट्या गेल्या.

एक गोष्ट पुण्यात राहून निम्म्या लोकांना माहीत नसते. विश्रांतवाडीला आळंदी रोडवर ‘संगम’ आहे, जगभरातल्या गाइड मुलींच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, १९६६ पासूनचं. बाकीची स्वित्झर्लंड, लंडन, मेक्सिको आणि आफ्रिकेतलं एक, ते एका जागी नसतं, फिरतं असतं. आमची पहिली पाच वर्षं त्या गेटवरून रिक्षाने गेली, आम्हाला वाटायचं एखादं हॉस्टेल असेल. तुमच्या शाळेने विषय नाही काढला तर तुम्ही विचारा की मुलींना कधी नेणार म्हणून.

पाचपैकी साडेतीन देईन. पहिल्या बाई राहिल्या असत्या तर साडेचार. धाकट्याला यंदा जूनपासून कबमध्ये घालतेय, बेल्ट मात्र दुसऱ्या दुकानातून.