गेमची मजकूर-फाईल उलगडताना: हेक्स एडिटरचे टेम्पलेट की स्वतःची पायथन स्क्रिप्ट?

एखाद्या गेममधले संवाद बदलायचे आहेत, पण ते बायनरी फाईलमध्ये बांधलेले आहेत आणि त्या फाईलची रचना कुठेही नोंदलेली नाही, अशा वेळी मॉड करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. हेक्स एडिटरमध्ये त्या रचनेचे टेम्पलेट लिहायचे, किंवा फाईल वाचणारी स्क्रिप्ट पायथनमध्ये स्वतःच लिहायची. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. बाइट, ऑफसेट आणि लिटल एंडियन या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे येथे धरून चालतो.

रचना अजून अंधारात असते तोपर्यंत टेम्पलेटची बरोबरी स्क्रिप्टला करता येत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. इमहेक्स मोफत व मुक्तस्रोत आहे, ०१० एडिटर विकत घ्यावा लागतो; दोन्हींमध्ये सी भाषेच्या वळणाने रचना लिहिली की तिचे भाग बाइटांवर रंगांनी वेगळे दिसू लागतात. समजा, पहिले ४ बाइट फाईलची ओळख सांगतात, पुढचे ४ आवृत्ती, आणि त्यानंतर ‘१० २७ ०० ००’ असे दिसते. ही लिटल एंडियन संख्या असेल तर ती १०,००० होते, आणि ती बहुधा वाक्यांची संख्या असावी. तसे असेल तर १२ बाइटांचा हेडर आणि प्रत्येक वाक्याची जागा सांगणाऱ्या, प्रत्येकी ४ बाइटांच्या १०,००० ऑफसेटांचा तक्ता संपल्यावर मजकूर ४०,०१२ या ऑफसेटवर सुरू व्हायला हवा. तक्त्यातला पहिलाच आकडा ४०,०१२ निघाला, तर ऑफसेट फाईलच्या आरंभापासून मोजलेले आहेत. तो शून्य निघाला, तर मजकूर-विभागाच्या आरंभापासून. हा सगळा पडताळा एडिटरमध्ये नजरेसमोर होतो. पायथनमध्ये प्रत्येक तर्कासाठी ओळ बदला, स्क्रिप्ट चालवा, छापून आलेले आकडे वाचा, असे करत बसावे लागते.

अडचण सुरू होते ती मजकूर परत लिहिताना, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. इंग्रजी ‘हॅलो’ला ५ बाइट पुरतात, त्या जागी ‘नमस्कार’ लिहिले तर यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट लागतात, कारण त्यातले प्रत्येक चिन्ह, ‘स’खालच्या हलन्तासह, ३ बाइट घेते. म्हणजे एका शब्दापायी त्याच्या पुढचा सगळा मजकूर १६ बाइटांनी सरकतो आणि तक्त्यातले तिथून पुढचे सगळे ऑफसेट खोटे ठरतात. टेम्पलेटला ऑफसेट दाखवता येतो, त्याचे मूल्य हाताने बदलूही देता येते, पण मजकूर वाढला म्हणून तक्ता आपणहून नव्याने मांडता येत नाही. ०१० एडिटरमध्ये वेगळी स्क्रिप्ट लिहून हे साधता येते, हे खरे. पण शेवटी स्क्रिप्टच लिहायची, तर ती एडिटरच्या आत का लिहावी, हे मला तरी उमगलेले नाही.

पायथनमध्ये हा प्रश्नच राहत नाही. वाक्ये यादीत घ्यायची, हवी ती बदलायची आणि फाईल पहिल्या बाइटापासून नव्याने बांधायची. ऑफसेट बांधता बांधता मिळत जातात. शिवाय एक कसोटी फुकट मिळते: काहीही न बदलता फाईल वाचून परत लिहायची आणि मूळ फाईलशी बाइट-बाइट ताडून पाहायची. टेम्पलेट डोळ्यांना बिनचूक दिसत असतानाही या कसोटीत बरेच काही उघडे पडते. नवी फाईल मूळ फाईलपेक्षा मोठी झाली, तर मूळ फाईलमध्ये एकसारखी वाक्ये एकदाच साठवून दोन-तीन ऑफसेट त्याच जागेकडे वळवलेले असण्याचा संभव असतो. ती लहान झाली, तर प्रत्येक वाक्य ४ च्या पटीत बसावे म्हणून मागे भरलेले शून्य बाइट आपल्याकडून राहिले असावेत. पहिली गोष्ट नुसत्या रंगीत पट्ट्यांकडे पाहून माझ्या कधी लक्षात आली नसती.

काइताइ स्ट्रक्ट हा तिसरा पर्याय सुचवला जातो. त्याचे याम्ल या साध्या मजकूर-स्वरूपातले वर्णन वाचायला फार स्वच्छ असते आणि त्यावरून अनेक भाषांतला वाचक-कोड तयार होतो. मात्र तो मुळात वाचनासाठीच बनलेला आहे. लेखनाची सोय आली ती उशिरा आणि मोजक्या भाषांपुरती, आणि त्यातही लांबी व ऑफसेट यांचा मेळ आपणच घालायचा असतो.

फक्त मजकूर काढून पाहायचा असेल, किंवा जागच्या जागी एखादा आकडा बदलायचा असेल, तर टेम्पलेट पुरेसे आहे आणि मी त्याच्या विरोधात बोलणार नाही. नव्या फाईलची पहिली ओळख मी आजही इमहेक्समध्येच करून घेतो. मजकूर बदलून गेममध्ये परत घालायचा असेल, तर मात्र रचनेचा अंदाज येताच स्क्रिप्टकडे वळावे असे मला वाटते. कारण गेमचा नवा पॅच आला आणि वाक्ये मागेपुढे झाली, तरी वाक्यांना ओळख-क्रमांक दिलेले असतील तर त्यांवरून आपली भाषांतरे नव्या फाईलमध्ये पुन्हा बसवण्याचे काम तीच स्क्रिप्ट करते.