टेस्ट आंबाजी, यंदाही हापूस घेणार ना?

3 मार्च 2025 ला आमच्या राखणदाराच्या फोनवर मेसेज आला : "नमस्कार टेस्ट आंबाजी, अस्सल हापूस थेट बागेतून. जुन्या ग्राहकांना पेटीमागे 300 रुपये सूट."

टेस्ट आंबा नावाचा माणूस जगात नाही. ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा ते चालतंय का बघायला आम्हीच ती नोंद टाकली होती, नंबर राखणदाराचा. हे नाव आमच्या यादीबाहेर कुठेच नव्हतं. आणि मेसेज पाठवणारा आमच्याच देवगड-राजापूर पट्ट्यातला, आमच्यासारखाच ऑनलाइन पेट्या विकणारा.

म्हणजे 2,914 गिऱ्हाइकांची यादी गेली. नाव, पत्ता, फोन, कोणाला कच्चा लागतो, कोणाला अढीतला तयार, कोणाची पेटी अक्षय्यतृतीयेच्या आत पोचलीच पाहिजे, सगळं.

सॉफ्टवेअरचे 46,500 रुपये मोजले होते, वर देखभालीचे वर्षाला 7,200. बनवणाऱ्याकडे मुख्य लॉगिन तसंच राहिलं. ऐन हंगामात काही बिघडलं तर बघणार कोण, म्हणून आम्हीच राहू दिलं. यात मूर्खपणा काय होता ते सांगा. निम्म्या कोकणाचे होमस्टे आणि आंबेवाले असेच चालतात. 10 फेब्रुवारीला त्याचा फोन : "अपडेट टाकतोय, ओटीपी आला असेल तो सांगा." मोहोरावर तुडतुडा होता, फवारणी चालू होती. पंपाच्या आवाजात ओरडून ओटीपी सांगितला.

त्याच रात्री 1:52 ला मेल आला : ग्राहकयादी डाउनलोड झाली, 2,914 नोंदी. सकाळी चहा पिताना तो मेल वाचला. वाचला, आणि बॅकअप घेतला असेल म्हणून पुढे सरकलो. बॅकअप सर्व्हरवर घेतात, अख्ख्या डेटाबेसचा घेतात. नुसत्या गिऱ्हाइकांची एक्सेल फाइल रात्री दोन वाजता कोण उतरवतं? आणि अपडेटला गिऱ्हाइकांचे फोन नंबर कशाला लागतात? एवढं त्याच मिनिटाला विचारलं असतं तर पासवर्ड बदलून, लॉग (कोणी कधी काय उघडलं-उतरवलं त्याची आपोआप होणारी नोंद) उतरवून 11 तारखेलाच त्याला धरता आलं असतं. तीन आठवडे गेले.

पुढचा गाढवपणा आमचाच. मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि संतापाने नंबर ब्लॉक करून चॅट उडवलं. स्क्रीनशॉट एकटा फार टिकत नाही. मूळ फोन, मूळ चॅट जपा. 1 जुलै 2024 पासून डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे (जुनं 65ब विसरा). पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : अ आपण भरायचा, ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलीवरून निघणारा ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. म्हणून लॉगची फाइल उतरवली की उघडूनही बघू नका. आधी हॅश काढा, मग प्रत काढा, जे काय बघायचं ते प्रतीत. एक्सेलमध्ये उघडून नुसतं सेव्ह केलं तरी हॅश बदलते.

आता पोलीस. पहिला प्रश्न : "आंबे गेले का?" नाही. "पैसे गेले का?" खात्यातून नाही. "यादी तुमच्याकडे आहे ना अजून? मग चोरी कसली?" 1930 वर फोन केला, तर तिकडेही तेच, कारण ती हेल्पलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, आमच्यासारख्यांनी तिथे वेळ घालवू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 परवानगीशिवाय डेटा उतरवून घेण्याबद्दलच आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं की कलम 66 खाली गुन्हा : 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याने चोरीचा डेटा जाणूनबुजून घेतला त्याला 66ब. छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं. मग कळलं की कलम 78 प्रमाणे तपास निरीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि ठाण्याचे प्रमुख सहायक निरीक्षक. "जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो : "हद्द तिकडची, तिथेच द्या." तपास कोण करणार हा त्यांचा प्रश्न, फिर्याद कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 173 मध्ये हद्दीचीही अट नाही. प्राथमिक चौकशीला 14 दिवस असतात. आमची 47 दिवस चालली, आणि त्या 47 दिवसांत सॉफ्टवेअरवाल्याला एक फोनसुद्धा गेला नाही. शेवटी 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज धाडला, तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. तोही जामीनपात्र. पोचपावत्या फेकू नका.

होस्टिंगच्या पॅनेलवर लॉग 30 दिवसांचेच दिसत होते, म्हणून पुरावा गेला असं धरून बसलो होतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. पहिल्याच दिवशी होस्टिंग कंपनीला मेल टाका : अमुक तारखेचे लॉग राखून ठेवा, पुसू नका.

भरपाईसाठी दिवाणी कोर्टात गेलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 61 आडवं येतं. 5 कोटींपर्यंतचा दावा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, मुंबईला. तिथे आकडा सिद्ध करावा लागतो. ऑनलाइन पेट्या 640 वरून 391 वर आल्या. पीकच कमी होतं, असं समोरचा म्हणणार हे उघड होतं. पण उरलेल्या 249 पेट्या वाशीला गेल्याच्या दलालाच्या पट्ट्या (हिशोबाच्या पावत्या) होत्या. घरपोच 3,200, वाशीला हातात 1,450. फरक 1,750, म्हणजे 4,35,750 रुपये. त्यावर फी 11,800. वकिलाची वेगळी.

यादी वापरायला मनाई हवी असेल तर कॉपीराइट कायद्याखाली जिल्हा न्यायालय. डेटाबेस त्या कायद्यात साहित्यकृतीत मोडतो, आणि गिऱ्हाइकांच्या यादीवर दिल्ली उच्च न्यायालयाने 1995 मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात मनाई दिलेली आहे. पण डिसेंबर 2007 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाला नुसती मेहनत पुरत नाही, थोडं कौशल्य आणि विवेकही दिसावा लागतो. नुसते फोन नंबर लंगडे पडतात. कच्चा की तयार, कुठल्या तिथीला, या आमच्या खुणांनी जीव आणला.

ओटीपीवरून सॉफ्टवेअरवाल्याचा वकील म्हणतो, परवानगी तुम्हीच दिलीत. अपडेटची दिली, यादी उतरवायची नाही. पण ही मर्यादा कराराच्या कागदावर नव्हती, म्हणून हे तोंडी भांडण. तुमच्या कागदावर एक ओळ घाला. यादीत चार-पाच खोट्या नोंदीही घाला, प्रत्येकीला वेगळा खरा नंबर. आमची एकच होती, तीही योगायोगाने.

नशीब की समोरच्याचा लोभ सुटला नाही. 19 एप्रिलला दुसऱ्या नंबरवरून पुन्हा मेसेज आला, टेस्ट आंबाजींनाच. या वेळी फोन कपाटात ठेवला आणि राखणदाराला 6,999 चा नवा घेऊन दिला. समोरच्याने लेखी उत्तर दिलंय की ही नावं त्याने पुण्या-मुंबईच्या आंबा प्रदर्शनांत वही ठेवून जमवली. टेस्ट आंबा कुठल्या प्रदर्शनात येऊन सही करून गेला, ते आता त्याला शपथेवर सांगायचंय.