हंगेरियन देणगी: न्यू जर्सीतील बालवीरांना की ट्रान्सिल्व्हेनियातील शाळांना?

अमेरिकेतील हंगेरियन कुटुंब दरवर्षी समाजासाठी काही रक्कम बाजूला काढते, तेव्हा ती इथल्या मंडळींना द्यावी की मायभूमीला पाठवावी, हा पेच पडतोच. तिथल्या मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि महाराष्ट्रातील कामांना मदत पाठवणारे महाराष्ट्र फाउंडेशन या दोन्ही संस्थांना वर्गणी देणाऱ्या मराठी माणसाला तो नवा वाटणार नाही. हंगेरियनांची मायभूमी मात्र आजच्या हंगेरीत मावत नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२०च्या त्रियानॉन तहाने देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग गेला, त्यामुळे देणग्या रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया आणि युक्रेनमधील ट्रान्सकार्पेथिया येथील अल्पसंख्याकांपर्यंतही पोहोचतात.

स्थानिक पर्यायांत न्यू जर्सीतील गारफिल्ड येथून चालणारी परदेशस्थ हंगेरियन बालवीर (स्काउट) संघटना मला सर्वांत भक्कम वाटते. कम्युनिस्ट राजवटीत मायदेशी बंद पडलेली ही चळवळ निर्वासितांनी बाहेर जिवंत ठेवली. न्यूयॉर्क राज्यातील फिलमोर येथे तिचे शिबिरस्थळ आहे. शिबिरात व्यवहार हंगेरियनमध्येच चालतो आणि नेतृत्वाची पायरी चढायची तर मुलांना हंगेरीचा इतिहास, भूगोल व साहित्य यांची परीक्षा द्यावी लागते. मार्गदर्शक स्वयंसेवक असल्याने छोटी देणगीही मुलांच्या उपयोगी पडते.

मायभूमीसाठी द्यायचे असेल, तर न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली सुरू झालेले हंगेरियन मानवाधिकार प्रतिष्ठान आणि वॉशिंग्टनमधील, १९९१ साली स्थापन झालेली हंगेरियन-अमेरिकन आघाडी ही दोन परिचित नावे आहेत. रुमानियातील संस्थेला थेट धनादेश पाठवल्यास अमेरिकेत करसवलत सहसा मिळत नाही, नोंदणीकृत अमेरिकी संस्थेमार्फत दिल्यास ती मिळू शकते, आणि अशा संस्थेचे वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येते.

इथे माझा आक्षेप मायभूमीला देण्याला नाही, तिथल्या शाळांच्या इमारतींसाठी देण्याला आहे. रुमानियाच्या १९९२च्या जनगणनेत १६ लाखांहून अधिक असलेले हंगेरियन २०२१मध्ये सुमारे १० लाखांवर आले. शाळेचा नवा मजला उभा राहीपर्यंत वर्गात किती मुले उरतील, हे विचारणे अप्रशस्त वाटले तरी आवश्यक आहे. शिवाय बुडापेस्टचे सरकार बेथलेन गाबोर निधीतून सीमेपलीकडील संस्थांना मोठा पैसा देते, आणि त्या पैशाबरोबर राजकारणही येते. म्हणून खासगी देणगी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला द्यावी. ट्रान्सकार्पेथियातील बेरेगसास येथे १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेत हंगेरियन माध्यमातून उच्च शिक्षण मिळते, तिथले युद्धछायेतील विद्यार्थी याचे रास्त उदाहरण.

घरात शाळकरी मुले असतील आणि शनिवार-रविवार देता येत असतील, तर गारफिल्डचा पर्याय निवडावा, कारण तिथे पैशाइतकीच मनुष्यबळाची गरज असते. फक्त रक्कमच देता येणार असेल, तर ती शिष्यवृत्तीसाठीच असल्याचे धनादेशासोबत लेखी कळवून मायभूमीला द्यावी.