आयेल्ट्स की टोफेल? फक्त लिसनिंगपुरतं बोलतो

परदेशातल्या पीएचडीच्या अर्जांचा हंगाम आला की जुन्या लॅबमधल्या ज्युनिअरांचे फोन सुरू होतात. परवा साताऱ्याच्या पोराचा आला. एमएस्सी केमिस्ट्री, सध्या पाषाणला प्रोजेक्टवर. "दादा, आयेल्ट्स देऊ की टोफेल? रीडिंगचं टेन्शन नाही, पेपर वाचून वाचून ते जमतं. लिसनिंगमध्ये गाडी अडते." माझीही तिथेच अडली होती, म्हणून इंग्रजीच्या या दोन परीक्षांचा हा आढावा लिसनिंगपुरताच. रायटिंग-स्पीकिंगवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी दोन्ही परीक्षा पुण्यातच दिल्या. २०२४ च्या जूनमध्ये आयेल्ट्स, कॉम्प्युटरवरची, आणि सप्टेंबरात टोफेल. फी किती, निकाल कधी, गुण किती वर्षं चालतात हे तुम्ही आधीच पाहिलं असणार, ते उगाळत नाही. एक मात्र सांगून ठेवतो. पैसे भरण्याआधी ज्या डिपार्टमेंटला अर्ज करताय तिथे मेल टाका. काही ठिकाणी 'पदवीचं माध्यम इंग्रजी होतं' एवढ्या विद्यापीठाच्या दाखल्यावर काम भागतं. ब्रिटनला जायचं असेल तर हेही लक्षात ठेवा की व्हिसासाठीच्या त्यांच्या मान्यताप्राप्त परीक्षांच्या यादीत टोफेल नाही. पीएचडीच्या पातळीला विद्यापीठ स्वतःच्या अखत्यारीत इंग्रजी तपासू शकतं, पण ते तसं करतं का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता मुद्द्यावर येतो.

मी हायस्कूलला आठवीपासून सेमीत होतो. ज्यांना सेमी म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना पुढचं कळेल. गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी आणि सर शिकवणार मराठीत. "व्हेलॉसिटी म्हणजे काय रे? वेग. पण नुसता वेग नाही, दिशेसकट." इंग्रजी शब्द आमच्याकडे डोळ्यांच्या वाटेने आला, कानाच्या वाटेने फारसा नाही. पुढे एमएस्सीला एनपीटीईएलची लेक्चरं ऐकली, पण तिथले आयआयटीचे प्राध्यापक आपल्यासारखंच बोलतात, प्रत्येक अक्षर सुटं करून. त्यामुळे माझा समज असा झाला होता की मला इंग्रजी ऐकू येतं.

आणि खरंच येत होतं. आयेल्ट्समधलं संभाषण, सूचना, भाषण, जवळजवळ सगळं कळत होतं. तरीही निकाल आला ६.५. मला हव्या असलेल्या डिपार्टमेंटने लिसनिंगला ७ मागितले होते.

आयेल्ट्स निकालात बँड देतं, म्हणजे ९ पैकी एक आकडा. ४० पैकी किती बरोबर आले, कुठे चुकलात, ते सांगत नाही. साधारण ३० बरोबर म्हणजे ७ आणि ३५ म्हणजे ८, एवढा हिशेब ते स्वतःच जाहीर करतात. म्हणून घरी केलेले सरावपेपर परत काढले. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जुनं पुस्तक होतं, आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं खोडायला मला एक संध्याकाळ लागली होती. सहा पेपरांतल्या माझ्या चुका एका वहीत उतरवल्या आणि मग जे दिसलं ते बघून डोक्याला हात लावला. दर पेपरात तीन-चार गुण असे गेले होते की मी शब्द बरोबर ऐकला होता, जागा बरोबर होती, फक्त शेवटचा 'एस' लिहिला नव्हता.

टॉवेल्सच्या जागी टॉवेल. तिकिट्सच्या जागी तिकिट.

याला निष्काळजीपणा म्हणता आलं असतं. माझी आईही तेच म्हणाली. पण मला वाटतं गोम आपल्या भाषेत आहे. मराठीत इंग्रजी शब्द आला की त्याचं अनेकवचन आपण आपल्या पद्धतीने करतो, आणि पुल्लिंगी असेल तर करतच नाही. एक पेपर, दोन पेपर. एक डॉक्टर, चार डॉक्टर. "पाच रिपोर्ट आले," म्हणतो आपण, रिपोर्ट्स नाही. एक की अनेक ते आकड्यावरून आणि क्रियापदावरून कळतं, शब्दाच्या शेपटीकडे कान जात नाही. वीस-बावीस वर्षं असं ऐकलेला कान परीक्षेच्या अर्ध्या तासात ती शेपटी कुठून पकडणार? त्यात पुढचा शब्द 'स'नेच सुरू झाला तर संपलंच. 'तिकिट्स सोल्ड' म्हणताना दोन 'स' एकमेकांत विरघळतात.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. आयेल्ट्समध्ये प्रश्न आधी दिसतात आणि वाचायला थोडा वेळ मिळतो. रिकाम्या जागेच्या आधी 'अ' किंवा 'ॲन' आहे का, पुढे 'आर' आहे की 'इज', हे बघून एकवचन-अनेकवचन आधीच पेन्सिलीने खुणावून ठेवायचं, कॉम्प्युटरवर असाल तर कच्च्या कागदावर. म्हणजे 'एस' कानाने नाही, व्याकरणाने पकडायचा. मी हे शिकलो आणि सरावात गुण वाढले. पण वाक्यं पूर्ण नसतात तिथे, म्हणजे फॉर्म आणि टिपणांमध्ये, व्याकरणाचा आधारच नसतो. 'जमा करायच्या वस्तू', पुढे टिंबटिंब. तिथे पुन्हा कान आणि नशीब. स्पेलिंगचंही तसंच, अकॉमोडेशनमध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम' हे आता मी झोपेतही सांगेन, पण पॉलिमरवर पीएचडी करायला निघालेल्या माणसाची परीक्षा त्यावर का, हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

लिसनिंगच तेवढं परत देण्याची सोय आयेल्ट्समध्ये आहे, वन स्किल रीटेक म्हणतात तिला. तीही चाचपून पाहिली. माझ्या डिपार्टमेंटने ते ग्राह्य धरत नाही म्हणून कळवलं. तुमचं धरत असेल तर हा अर्धा लेख सोडून दिलात तरी चालेल.

मग टोफेल. तेव्हा त्यात तीन लेक्चरं आणि दोन संभाषणं होती, प्रश्न २८. प्रश्न आधी दिसत नाहीत. आधी सगळं ऐकायचं, टिपणं काढायची, मग प्रश्न समोर येणार, आणि एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. पहिल्या सरावाला मला घाम फुटला. काय विचारणार हे माहीत नसताना काय टिपायचं? पण दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की हे तर आपण शाळेपासून करत आलोय. वर्गात बसलो तेव्हा पेपरात काय येणार हे कोणी सांगितलं होतं? माझ्या टिपणांची भाषा बघून हसाल. समासात नुसतं 'पण', 'उदा.', 'का?' आणि बाण. प्राध्यापकाने दिशा बदलली की 'पण' लिहायचं. निम्मे प्रश्न त्या 'पण'च्या आसपास निघायचे, असा आपला माझा अनुभव.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. टोफेलमध्ये लेक्चरचा एखादा तुकडा पुन्हा ऐकवून विचारायचे की प्राध्यापक असं का म्हणाला. शब्द सगळे सोपे असतात, रोख ओळखायचा असतो. तो शंका घेतोय, चिडवतोय, की गुपचूप असहमत आहे? आता आपल्याकडे गाइड "बघू या" म्हणाला की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे ओळखण्यात कित्येकांची प्रोजेक्टची दोन वर्षं गेलेली असतात. हा सराव आपल्याला आहे. लिहायचं काहीच नाही, चारांतला एक पर्याय निवडायचा. 'एस'ची भानगडच मिटली. मला ३० पैकी २७ मिळाले.

तक्रार करायला जागा तिथेही आहे, आणि लहान नाही. टोफेलच्या खोलीत सगळे एकाच वेळी सुरू करत नाहीत. माइक तपासताना प्रत्येकाला आपल्या शहराबद्दल बोलायला सांगायचे. मी पुढे गेलेलो, आणि पलीकडच्या पार्टिशनमधून एकजण मोठ्याने पुण्याचं हवामान सांगतोय. हेडफोन असूनही ऐकू येत होतं. आयेल्ट्सला लिसनिंग सगळ्यांचं बरोबर सुरू झालं, खोलीत चिडीचूप. ज्यांचं लक्ष चटकन उडतं त्यांनी हे हलक्यात घेऊ नये. मी घरी आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाशेजारी सराव केला होता, म्हणून निभावलं.

उच्चारांचा मुद्दा लोक फार ताणतात. आयेल्ट्समध्ये ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन वगैरे तऱ्हा जास्त, टोफेलचा कल अमेरिकन, हे खरं आहे. पण मी आता ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे एक इराणी, दोन चिनी, एक ब्राझिलियन आणि मी. यांतलं कोणीच कुठल्या परीक्षेत बोलत नाही. पहिल्या ग्रुप मीटिंगला मला निम्मं कळलं नव्हतं, आणि त्यांना माझं.

आता एक मोठा 'पण'. मी दिलेली टोफेल आज तशीच राहिलेली नाही. २१ जानेवारी २०२६ पासून साचा बदलला. लिसनिंग आता तुमच्या कामगिरीप्रमाणे सोपं-अवघड होत जातं, म्हणजे पहिला टप्पा कसा गेला त्यावर दुसरा ठरतो. गुण १ ते ६ च्या मापात देतात. नुसतं एक वाक्य ऐकून त्याला योग्य प्रत्युत्तर निवडायचं, असाही प्रकार आला, शिवाय संभाषण, घोषणा आणि अभ्यासविषयावरचं छोटं भाषण. लांब लेक्चरं गेली. मला याचं थोडं वाईट वाटतं, कारण पीएचडीला खरा उपयोग त्या लांब लेक्चरांचाच होता. तरी माझ्यापुरता मुख्य मुद्दा कायम आहे: ऐका, समजून घ्या, पर्याय निवडा. शेपटी तपासणारं कोणी नाही. जुने सराव संच घेऊन बसू नका एवढंच, अधिकृत नवे नमुने बघा.

पीटीई या तिसऱ्या परीक्षेचंही कोणी विचारेल. तिथे एक वाक्य एकदाच ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं असतं आणि प्रत्येक शब्दाला गुण. माझ्यासारख्याने तिकडे फिरकू नये.

तयारीबद्दल थोडं. दोन्हींसाठी मी एमआयटीची ओपन कोर्सवेअरवरची लेक्चरं ऐकली, आधी सबटायटल बंद करून, मग छापील उतारा समोर ठेवून. आपला विषय मुद्दाम टाळला. केमिस्ट्री ऐकताना कान काम करत नाही, डोकं आधीच उत्तर देऊन मोकळं होतं. अर्थशास्त्राच्या लेक्चरात मात्र खरी परीक्षा झाली. रोज वीस मिनिटं, बसमध्ये नाही, टेबलाशी, हातात पेन घेऊन.

ठरवायचं कसं, तर पैसे भरायच्या आधी आयेल्ट्सचे दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. चुकांच्या दोन राशी करा. एक, ऐकूच आलं नाही. दुसरी, ऐकू आलं पण लिहिताना घात झाला. पहिली रास मोठी असेल तर परीक्षा कुठलीही घ्या, कान तयार करायला दोन-तीन महिने द्यावेच लागतील. उलट अशावेळी प्रश्न आधी दिसणं, पुढे काय येणार याचा अंदाज असणं, हा आयेल्ट्सचा मोठा आधार आहे. माझ्या रूमपार्टनरला त्याच आधाराने ८ मिळाले, आणि टोफेलच्या सरावात तो टिपणं काढताना ऐकायचंच विसरायचा. दुसरी रास मोठी असेल, आणि तुमचं डिपार्टमेंट दोन्ही चालवून घेत असेल, तर मी कुठे गेलो असतो ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

साताऱ्याच्या पोराला हेच सांगितलं होतं. काल रात्री त्याने व्हॉट्सॲपवर सोडवलेल्या पेपराचा फोटो पाठवला. ४० पैकी ३२. चुकलेल्या आठपैकी पाच उत्तरांच्या शेवटी मी फोटोवरच लाल रंगात एकेक 'एस' लिहिला आणि परत पाठवला. दहा मिनिटं नुसत्या दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं, "दादा, टोफेलची फी क्रेडिट कार्डानेच भरावी लागते का?"