परसात शेड घालायची, पत्र्याची की चिऱ्याची? गोव्यात ठरवण्याआधी एवढं बघा

मे महिना आला की हा विषय निघतोच. लाकडं, सोललेले नारळ, चुडतं म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या, जुनी स्कूटर, पुरुमेंताचं म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सामान, सगळं पावसाच्या आधी कुठेतरी कोरडं ठेवायचं असतं, मग घरात चर्चा सुरू, जीआय पाईप मारून वर पत्रे घालायचे की एकदाच चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची खोली बांधून मोकळं व्हायचं. माझं विचाराल तर पत्रा की चिरा हे दुसऱ्या नंबरवर, आधी ती जागा कागदावर काय आहे ते काढा.

पहिला गैरसमज म्हणजे पत्र्याला लायसन लागत नाही. मिस्त्री छातीठोक सांगतो, पण पंचायत राज कायदा १९९४ चं कलम ६६ घ्या, नवीन बांधकाम असो की आहे त्याला जोड, पंचायतीची लेखी परवानगी लागते, आणि कायद्यातल्या 'इमारती'त शेडसुद्धा येते. पालिकेच्या हद्दीत तेच काम पालिका कायद्याखाली. बांबूवर ताडपत्री ओढून चार महिन्यांनी काढलीत तर सहसा कोणी विचारत नाही, पण खाली कोबा घालून पाईप गाडले की ते बांधकामच दिसतं, आणि शेजाऱ्याशी बिनसलेलं असेल तर तक्रार पहिली त्याचीच.

मग दोघांत फरक काय? पत्र्याची शेड स्वस्त, लवकर उभी राहते आणि उद्या नोटीस आलीच तर नटबोल्ट काढून बाजूला ठेवता येते. पण किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, पावसाचा आवाज वेगळाच, आणि वाऱ्याला जे हूक बोल्ट चांगले नसतील ते सुटतात. चिऱ्याची खोली टिकते, कुलूप लागतं, पण प्लिंथ (जोतं) आली की ती कव्हरेजमध्ये (प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापला) आणि एफएआरमध्ये (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधलं) मोजली जाणार, हद्दीपासून सेटबॅक म्हणजे मोकळी जागा सोडावी लागणार, आर्किटेक्ट किंवा इंजिनियरच्या सहीचा प्लॅन लागणार. २०१० चे गोवा लँड डेव्हलपमेंट अँड बिल्डिंग कन्स्ट्रक्शन रेग्युलेशन्स इथे लागतात. जुन्या घराने आधीच कव्हरेज खाल्लेलं असेल तर खोलीला जागाच उरत नाही, हे लोकांना फाईल टाकल्यावर कळतं.

आता झोन, म्हणजे सरकारी आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते. गावात हे प्रकरण मजेशीर असतं. घर सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये), पण विहिरीच्या मागचं भाट, म्हणजे माडांची बाग, रीजनल प्लॅन २०२१ मध्ये बागायत, आणि सर्वे नंबर मात्र एकच. म्हणजे माडाच्या एका बाजूला तुम्हाला परवानगी मिळू शकते, आणि दुसऱ्या बाजूला साधी गोष्ट अवघड. म्हणून फॉर्म १-१४ (जमिनीच्या मालकीची नोंद) आणि सर्वे प्लॅन घेऊन तालुक्याच्या टाऊन प्लॅनिंग ऑफिसात झोनिंग सर्टिफिकेट काढा, आणि कुठला कोपरा कुठल्या झोनमध्ये येतो ते तिथेच विचारून घ्या. सेटलमेंट झोन असला म्हणजे सगळं झालं असंही नाही, जमीन शेतीचीच नोंदलेली असेल तर सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, वेगळी, लँड रेव्हेन्यू कोडखाली. आणि कूळ कायद्याने मिळालेल्या शेतात तर शेतीशिवाय दुसरा वापर बंद, १९९१ चा कायदा आहे. पीडीएच्या (प्लॅनिंग अँड डेव्हलपमेंट अथॉरिटी) हद्दीत असाल तर पंचायतीआधी पीडीए.

नदीकाठचे लोक, तुमचं वेगळंच. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा, जिथपर्यंत भरती-ओहोटी जाणवते तिथे सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे नियम, लागतो. २०११ च्या नियमांनुसार गावांकडे भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल तितका पट्टा नो डेव्हलपमेंट झोन, आणि समुद्राकडून २०० मीटर. तिथे जुनं अधिकृत घर दुरुस्त होतं पण प्लिंथ वाढत नाही. अशा ठिकाणी चिऱ्याची खोली डोक्यातून काढाच, पत्र्याचंही आधी विचारा.

घराच्या मालकीवरही बरंच अडतं. १-१४ वर आजोबांचंच नाव आणि भावंडं पोर्तुगालात, लंडनात असतील तर इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नसताना सहमालकांची ना हरकत मागितली जाणार. मुंडकार म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहत असाल तर भाटकाराकडून, म्हणजे जमीनमालकाकडून कागद मागतील.

मग काय घालायचं? परस पूर्ण सेटलमेंटमध्ये, कागद एकाच नावावर, कव्हरेज शिल्लक आणि मुलं मोठी झाल्यावर ती खोली वापरायची असेल तर चिरा घ्या, पैसे एकदाच जातील. बाकी कोणालाही मी पत्र्याचीच सांगीन, तीसुद्धा अर्ज करून, आणि अर्जात गोदाम-दुकान असलं काही न लिहिता घरगुती सामान ठेवायला असं सरळ लिहा. अर्जाची पोच घ्या, ३० दिवसांत पंचायतीने काही कळवलं नाही तर पंचायत खात्याच्या डेप्युटी डायरेक्टरकडे अपील करता येतं, पोच नसेल तर तारीख कशी दाखवणार? आणि पावळीचा उतार आपल्याच बाजूला ठेवा, पाणी शेजारच्या हद्दीत पडलं की तुमच्याकडे लायसन असूनही भांडण उभं राहतं.